पीठ चाळायची खोली

माय,

उजव्या हातानं लिहिते आहे. अक्षर वेडंवाकडं येतंय, ओळ खाली घसरतेय आणि दर दोन ओळींनी पेन ठेवून बोटं सरळ करावी लागतायत. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे अक्षराची लाज तुझ्यापुढे नाही. लहानपणी मी अभ्यासाला बसले की तू येता-जाता वहीत डोकवायचीस आणि म्हणायचीस, "मुंग्यास्नी रांग चांगली चाली ऱ्हायनी." आज मुंग्या रस्ता चुकल्या आहेत, एवढंच.

धुळ्याच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसले आहे. रविवार आहे. बाहेर वैशाखाचं ऊन इतकं की समोरच्या गच्चीवरचं कुत्रं पाण्याच्या टाकीखालून हलायला तयार नाही. लेक आत कूलरसमोर झोपली आहे. तू तिला पाहिलं नाहीस. तू गेल्यावर दोन वर्षांनी ती झाली, आता सोळाची आहे. माझ्या पर्समध्ये एक अर्ज आहे, घडी घालून ठेवलेला. उद्या सोमवार. अर्ज द्यायचा की नाही ते उद्या सकाळी सांगायचं आहे. तसं माझं ठरलं आहे, पण ते कसं ठरलं हे तुझ्याखेरीज कुणाला सांगावंसं वाटत नाही.

गेल्या भाद्रपदात मी स्कूटरवरून पडले. मोठा अपघात वगैरे काही नाही, वळणावर वाळू होती, चाक सरकलं आणि मी उजवा हात टेकला. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलं होतं, पण मनगटातली शीर दबली होती. बोटं आत वळलेली राहिली, कुणाचं तरी काहीतरी मुठीत धरून ठेवल्यासारखी. माझं काम तुला माहीत आहे. चोवीस वर्षं मी दवाखान्याच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. खेड्यापाड्यातल्या बाया मला नावानं ओळखत नाहीत. दारातूनच विचारतात, "ती न दुखवणारी ताई आज शे का?" माय, एवढ्या वर्षांत मी कमावलं असेल तर ते हे. आणि त्या ताईच्या हाताला आता सुई धरवत नव्हती.

आठ महिने झाले. मोठ्या डॉक्टरांनी कधी घाई केली नाही. पण गेल्या महिन्यात म्हणाले, "मॅडम, नोंदणीच्या काउंटरवर जागा रिकामी होतेय. बसून काम, डाव्या हातानं कॉम्प्युटर चालेल. आता अक्षय्य तृतीया येतेय, आखाजी झाली की सांगा. एकदा तिकडे गेलात की मग लॅबमध्ये दुसरं माणूस घ्यावं लागेल." चांगलंच बोलले. मी तिथल्या तिथे अर्ज आणला, डाव्या हातानं भरला. फक्त सही राहिली होती.

त्या महिन्यांत मी कशी झाले होते ते तुला सांगायला मला आवडणार नाही, पण सांगते. तुझ्या जावयांनी चहा करून आणला तरी मी म्हणायचे, साखर कमी आहे. लेकीनं वेणी घालून दिली तर म्हणायचे, ओढू नकोस, एक हात गेलाय तेवढा पुरे. रोज सकाळी फोनवर वीस-वीस निरोप यायचे, गुलाबाची फुलं, उगवता सूर्य, आणि खाली लिहिलेलं, सकारात्मक राहा. मी ते सगळे पुसायचे, डाव्या अंगठ्यानं, एकेक. हाताला व्यायाम शिकवणारी मुलगी पिवळा स्पंजचा चेंडू द्यायची आणि म्हणायची, "मॅडम, हसत हसत दाबा, लवकर फरक पडतो." मी तिला एकदा तोडून बोलले. म्हटलं, "हसण्यानं शिरा सुटत असत्या तर माझ्या आईनं गावभरच्या सोडवल्या असत्या." तिनं चेंडू परत माझ्या हातात ठेवला. तिला काय ठाऊक मी कुणावर रागावले होते.

तुझ्यावर रागावले होते. खूप जुना राग आहे तो.

मी दहा वर्षांची असेन. आबा नरडाण्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. एका संध्याकाळी त्यांना बैलगाडीत घालून आणलं. लकवा. उजवी बाजू गेली, तोंड एका अंगाला ओढलं गेलं. तोवर आबांच्या पगारावर घर चालायचं आणि तू मांडे करायचीस ते फक्त घरच्या सणाला, नाहीतर भाऊबंदांच्या लग्नात कौतुकानं. त्यानंतर तू आणि अक्का, दोघी मिळून मांड्यांच्या कामाची सुपारी घेऊन जाऊ लागलात, लग्नाला, बारशाला, आखाजीला, कुणाच्या घरी जावई यायचा असला तरी. अक्का आपल्या शेजारची, तुझ्याहून थोडी मोठी. ती चुलीशी आणि तू पोळपाटाशी. शिरपूर, शिंदखेडा, पार पिंपळनेरपर्यंत. उलटं घातलेलं मातीचं खापर, खाली धगधगणारी चूल, आणि तू. पुरण भरलेली जाड पोळी आधी ताटाएवढी लाटून घ्यायचीस, बांगड्या मागं सारायचीस, आणि मग ती दोन्ही हातांवर घेऊन या हातावरून त्या हातावर टाकत जायचीस. मांडा वाढत जातो. मनगटापर्यंत येतो, कोपरापर्यंत येतो, त्यातून पलीकडची चूल दिसायला लागते. मग एका झोक्यात खापरावर. मला अजूनही तो आवाज ऐकू येतो, ओला कपडा वाळत टाकावा तसा.

पहिला मांडा बहुतेक वेळा बिघडायचा. खापर सगळीकडून सारखं तापलेलं नसायचं, मांडा चिकटायचा, नाहीतर एका बाजूला करपून फाटायचा. नवख्या बाया अशा वेळी ओशाळतात, जाळ कमी म्हणतात, पीठ सैल म्हणतात. तू उलथन्यानं खरवडून बाजूला करायचीस, एक तुकडा चुलीत टाकायचीस, बाकीचा गाईसाठी ठेवायचीस, आणि पुढच्या गोळ्याला हात घालत म्हणायचीस, "हाऊ खापरना. आते आपला." मला वाटायचं, पहिला खापराला द्यायची ही रीतच असेल. पुढे कळलं, दुसऱ्या बाया असं काही म्हणत नाहीत. ते तुझंच होतं.

तू हसवायचीसही. शिरपूरच्या एका लग्नात नवरदेवाचा मामा चुलीपाशी येऊन म्हणाला, "मावशी, हाऊ मांडा शे का धोतर?" तू मान वर न करता म्हणालीस, "नेसी देख, मंग सांग." सगळा मांडव हसला. मामा दोन मांडे जास्त जेवला. मी पुरणाच्या परातीपाशी बसले होते आणि मला तुझा फार अभिमान वाटला होता, हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे तसं राहिलं नाही.

घरी तू आबांच्या उजव्या हातात कणकेचा गोळा द्यायचीस. रोज, भाकरीआधी. "हाऊ गोया दाबा. फुकट जेवन भेटाव नही." आबा अर्ध्या तोंडानं हसायचे. त्यांची बोटं गोळ्यावर नुसती पडलेली असायची, मेलेल्या पालीसारखी. मला ते बघवत नसे. तू मात्र गोळा परत घेताना निरखून बघायचीस आणि म्हणायचीस, "आज जरा जास्त दबना." खोटं होतं ते. मी बघितलेलं असायचं, गोळा होता तसाच असायचा. दीड वर्षानं त्यांचा अंगठा हलला. एवढाच. पण त्या अंगठ्यावर ते पुढे स्वतःच्या हातानं कप धरून चहा प्यायले. त्या दिवशी तू आळीत सगळ्यांकडे चहा पाजत फिरलीस. आणि मी घरात बसून विचार करत होते, अंगठा हलला म्हणून एवढा आनंद? पाय हलले नाहीत, बोलणं आलं नाही, कामावर जाता आलं नाही, त्याचं काय?

आणि पीठ चाळायची तुझी खोली. मांड्याचं पीठ पातळ फडक्यातून चाळावं लागतं, वस्त्रगाळ, आणि ते इतकं हलकं की वाऱ्यानं उडतं. म्हणून तू एखादी आतली खोली मागून घ्यायचीस, दार लावून घ्यायचीस, आणि कुणाला आत येऊ द्यायची नाहीस. तास-दीड तास. बाहेर आलीस की डोक्यापासून हनुवटीपर्यंत पांढरी. आम्ही पोरं ओरडायचो, भूत उनं, भूत उनं! तूही डोळे मोठे करून आमच्यामागे दोन पावलं धावायचीस. तुझ्या गालांवर पिठात दोन रेघा असायच्या, डोळ्यांपासून खाली. मी एकदा बोट लावून विचारलं होतं, माय, हे काय? तू पदरानं तोंड पुसलंस. "घाम शे व माय. दार लायेल ऱ्हास ना." खोली बंद, उन्हाळा, घाम यायचाच. मला पटलं.

मी सतरा वर्षांची असताना आबांना दुसरा झटका आला. त्यांना दवाखान्यात नेलं, काका जवळ राहिले. चौथ्या दिवशी पिंपळनेरचं लग्न होतं आणि तू सुपारी घेतलेली होतीस. मला वाटलं तू जाणार नाहीस. तू गेलीस, मलाही मदतीला घेतलंस. आणि तिथे, माय, तू नेहमीसारखीच होतीस. वऱ्हाडातल्या बायांशी थट्टा, नवरीच्या मावशीला चिमटे, अक्काला म्हणणं की तुझ्या हातची रस्सी, पुरणाच्या कटाची ती आमटी, पिऊन नवरदेव पळून जाईल. मला ते सहन होईना. मांडवाच्या मागं, पाण्याच्या पिंपापाशी, मी तुला गाठलं आणि ओरडले, "तुला काहीच लागत नाही का? आबा तिकडे मरताहेत आणि तू दात काढतेस! तू दगड आहेस दगड!" अक्का तिथेच होती, तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तू माझ्याकडे बघितलंस. मारशील असं वाटलं. तू फक्त एवढं म्हणालीस, "माले काय लागस ते माले ठाऊक शे. जाय, पिठनं पोतं आन."

मी पोतं आणलं. तुझ्यापुढे आपटलं. तू ते घेऊन आतल्या खोलीत गेलीस आणि दार लावलंस. मी बाहेर उभी राहून ठरवलं, हे काम मी जन्मात करणार नाही, आणि असं हसणं तर नाहीच नाही.

आबा त्या पावसाळ्याआधी गेले. मी शिकले, धुळ्याला आले. होस्टेलला निघाले तेव्हा तू माझ्या पेटीत तुझं पीठ चाळायचं एक फडकं ठेवलंस, धुऊन, घडी करून. मी म्हटलं, "हे कशाला? मला काय तिथे मांडे करायचेत?" तू म्हणालीस, "हात पुसाले व्हई." मी ते पेटीच्या तळाशी सारलं. माय, पंचवीस-तीस वर्षांत मी त्याला हातही पुसले नाहीत.

एक दिवस मात्र मला पुन्हापुन्हा आठवतो. तू लॅबमध्ये आली होतीस, एकदाच. सारखं दमायला होतं म्हणून मीच बोलावलं होतं. तू खुर्चीवर बसलीस, बांगड्या मागं सारल्यास, जसं मांड्याला सारायचीस तसं, आणि हात पुढे केलास. चुलीच्या झळांनी काळवंडलेला, कोपरापर्यंत बारीक बारीक भाजल्याचे डाग. शीर सापडेना. दिवसाला पन्नास जणांचं रक्त काढणारी मी, आणि माझी सुई चुकली. तुझ्या दंडाखाली लगेच निळं झालं. मला रडू कोसळणार तेवढ्यात तू रांगेतल्या बायांकडे बघून म्हणालीस, "पहिला खापरना! आते आपला." कुणाला काही समजलं नाही, पण तू हसलीस म्हणून सगळ्या हसल्या. दुसऱ्या वेळी सुई नीट बसली. त्या एवढ्याशा बाटलीनं पुढचं सगळं सांगितलं. रिपोर्ट मीच आधी वाचला. तू दोन वर्षं काढलीस, त्यातही दोन आखाज्यांना मांडे केलेस, आणि मी प्रत्येक वेळी तुझ्यासमोर बसून जेवले आणि मनात म्हटलं, हिला अजूनही काही लागत नाही.

हे सगळं असंच राहिलं असतं. पण या चैत्रात लेकीनं फोनवर कुणा बाईला मांडे करताना बघितलं आणि माझ्यापुढे फोन नाचवत म्हणाली, "मम्मी, आजी हेच करायची ना? यंदा आखाजीला आपण करू या." मी म्हटलं, मला येत नाही आणि आता तर हातही नाही. ती म्हणाली, "मला तर दोन आहेत." तिचं तोंड तुझ्यासारखं आहे, हे मी तिला सांगत नाही. अक्का आता जळगावला असते, मुलाकडे. एका रविवारी आम्ही दोघी एसटीनं पारोळा-एरंडोलच्या रस्त्यानं तिच्याकडे गेलो.

अक्का पार वाळली आहे. खाटेवर बसून असते, डोळ्यांना कमी दिसतं, पण जीभ तशीच. लेकीला समोर बसवून कणीक तिंबायला लावली आणि वरून हुकूम. "आनखी. आनखी मार. सासूनं तोंड समजीसन मार." लेक हसून लोळतेय. मी बाजूला बसले होते. अक्कानं माझा हात ओढून घेतला, वळलेली बोटं चाचपली आणि विचारलं, "हाई काय व्हयनं व पोरी?" मी सांगायला लागले आणि सांगतच राहिले. हात, नोकरी, अर्ज, ते गुलाबाच्या फुलांचे निरोप. शेवटी म्हणाले, "अक्का, मला नाही जमत मायसारखं. तिला काही लागायचंच नाही. मला लागतं."

अक्कानं माझी बोटं एकेक करून दाबली. मग म्हणाली, "तुले कोनी सांगं तिले लागे नही?"

आणि तिनं सांगितलं. तू पीठ चाळायला बसलीस की रडायचीस. दरवेळी. आबा पडल्यापासून. ते बंद दार वाऱ्यासाठी होतंच, पण तेवढ्यासाठी नव्हतं. अक्का एकदा चुकून आत गेली तेव्हा तू फडकं हलवत होतीस, डोळे वाहत होते आणि चाळणं थांबलेलं नव्हतं. तू तिला म्हणालीस, रडायला मला येतं, पण सगळा दिवस रडून कसं चालेल, म्हणून मी याला एक खोली दिली आहे. "पीठ सरनं का रडनं सरनं, असं म्हने ती," अक्का सांगते. "मंग तोंड धुये, बाहेर ये, आनि पहिली गोष्ट हासानी करे. पिंपळनेरले तू तिले दगड म्हनी, त्या दिनले तर एक पोतं जास्तीनं चाळं तिनी. लगीनघरवाला म्हने, मावशी, इतलं पीठ कसाले? मी आयकेल शे. तुनी माय माले म्हने, पोरले सांगू नको."

माझ्या डोळ्यांपुढे तुझे गाल आले. पांढऱ्या पिठातल्या त्या दोन रेघा. मी रक्ताच्या थेंबात नको ते शोधणारी बाई, माय, आणि माझ्या आईच्या तोंडावरचा घाम मला ओळखता आला नाही.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. लेकीला वाटलं मी थकले. मी मनातल्या मनात तुझा एकेक दिवस पुन्हा लावत होते. रोज सकाळी उठून तुलाही वाटत असेल की आज चूल पेटवू नये, खाटेवरच्या माणसाकडे बघू नये. तरी तू उठत होतीस. आबांच्या हातातल्या गोळ्याकडे बघून "आज जास्त दबना" म्हणणं हे खोटं नव्हतं बहुधा. तू नीट बघत होतीस. माझ्याहून नीट. मला जे हललं नाही ते दिसत होतं आणि तू अंगठ्याची वाट बघत होतीस. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिवळा चेंडू ठेवून दिला आणि कणकेचा गोळा घेतला. दाबला. मग उलटून बघितला. तीन बोटांचे खड्डे होते, पुसट. मी मोठ्यानं म्हणाले, "आज जरा जास्त दबना." तुझे जावई पेपर खाली करून माझ्याकडे बघतच राहिले.

आखाजीच्या आधी शेजारणीकडून खापर मिळालं. गच्चीवर तीन विटांची चूल केली. पेटी उघडून तळातून फडकं काढलं, घडीवर पिवळी रेघ पडली होती, पण वीण तशीच घट्ट. पहाटेच मी मागच्या खोलीत गेले, पंखा बंद केला, दार लावलं आणि पीठ चाळलं. एका हातानं फडकं हलत नव्हतं, म्हणून उजव्याला त्याचं टोक गुंडाळून घेतलं. किती वेळ लागला माहीत नाही. पीठ संपलं तेव्हा बाहेर आले.

पहिला मांडा लेकीनं घेतला. हातावर दोन झोके आणि मधोमध भोक. तिचं तोंड पडलं. मी म्हटलं, "हा खापराचा. आता आपला." दुसरा तिनं घेतला, तिसरा घेतला, चौथा तर खरंच बरा झाला, खापरभर आला. मग ती म्हणाली, "मम्मी, आता तू." मी नाही म्हणणार होते. पण तिनं लाटलेली पोळी सरळ माझ्या हातांवर ठेवली. माय, तुला हे ठाऊक असणार, मला ठाऊक नव्हतं: पुरणाच्या पोळीला वजन असतं, आणि ते वजन बोटांना उघडायला लावतं. मूठ मिटलेली ठेवली तर मांडा फाटतो. चेंडू दाबायला मिटावं लागतं, इथे उघडावं लागतं. डाव्या हातावरून उजव्यावर घेतली तेव्हा वळलेली बोटं त्या भारानं हळूहळू सरळ होत गेली, दुखत, कुरकुरत. करंगळी आली नाही. ती अजूनही तिच्याच तालात आहे. पण चार आली. मांडा ताटाहून जेमतेम मोठा झाला, एका कडेला जाड, एका कडेला चिरलेला. खापरावर टाकला तर अर्धा बाहेर लोंबला. तुझे जावई म्हणाले, "हा रुमाल झाला." लेक म्हणाली, "पप्पा, नेसून बघा." तिला ती शिरपूरची गोष्ट मी कधी सांगितलेली नाही. कुठून आलं ते तिच्या तोंडात, मी विचार करत बसले.

आमरसाबरोबर तो रुमाल आम्ही तिघांनी वाटून खाल्ला.

त्याला दोन आठवडे झाले. रोज एक पोळी करते, पुरणाची नाही, नुसत्या कणकेची जाड, आणि हातांवर खेळवते. परवापासून रबराच्या नळीवर सुई लावून बघते आहे. दहांतल्या सहा वेळा बसते. पूर्वी दहांतल्या दहा बसायच्या. हात पहिल्यासारखा होईल असं मला कुणी सांगितलेलं नाही, आणि मी विचारतही नाही. उद्या डॉक्टरांकडे जाऊन म्हणणार आहे, सर, मला एक महिना द्या. आधी डाव्या हातानं पट्टी बांधायचं, नळ्यांवर चिठ्ठ्या लावायचं काम करते, जवळ दुसरी मुलगी असू द्या, आणि दिवसाला एकदा, ज्याची शीर चांगली असेल आणि ज्याची तयारी असेल त्याचं रक्त मला काढू द्या. नाही जमलं तर काउंटर आहेच. काउंटरवरही माणसंच येतात. दारातून कुणी तरी विचारेलच, ताई आहे का, आणि मला मान वर करून आहे म्हणता येईल. पण तो निर्णय महिन्यानंतरचा. अर्ज मी फाडलेला नाही, इतकी शूर नाही मी. हे लिहून झालं की पर्समधून काढून, सही न करता, फडक्याच्या घडीत ठेवणार आहे.

हा कागद पोस्टात टाकायला पत्ता नाही. तोही तिथेच राहील, फडक्याखाली.

एक सांगायचं राहिलं. आखाजीच्या पहाटे मी पीठ चाळून दार उघडलं तेव्हा लेक समोरच उभी होती, दात घासत. मला बघून ब्रश तोंडात ठेवूनच हसली. म्हणाली, "मम्मी, भूत दिसतेस!" मग जवळ आली, आणि तिचं हसणं जरा थांबलं. माझ्या गालाला बोट लावून म्हणाली, "हे काय?"

मी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाले, घाम आहे.